एकतीस जणींचं ‘नाही’

१२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

आशीर्वाद नंतर. आधी भांडण.

आज सकाळी कामावर गेले तर हॉस्पिटलच्या धुलाईघराबाहेरच्या फलकावर तुमच्या संस्थेचा कागद लावलेला. आम्ही सगळ्या जणी ओल्या हातांनी त्याच्यापुढे जमलो आणि ओळीखाली बोट ठेवून वाचत गेलो. लिहिलंय की धुलाई विभागातल्या छत्तीस बायकांपैकी एकतीस जणींना मशीनच्या आवाजाचा त्रास वाटत नाही, बहुतेक जणी समाधानी आहेत. आणि त्याखाली आमच्या सुपरवायझरने लाल पेनाने जोडलंय : ‘सबब विभाग तळघरात हलवण्यास हरकत नसावी.’

तळघर तू पाहिलेलं नाहीस. हात वर केला तर छताला लागतो आणि खिडकी एकही नाही. चादरी पिळायचं एक मशीन फिरायला लागलं की इथे वरसुद्धा दात वाजतात. तिथे तसली तीन लावणार आहेत.

गेल्या वर्षी तू आलीस तेव्हा स्टुलावर बसून आम्हांला काय सांगितलंस, आठवतं? “आजवर शिकलेले लोक तुमच्याकडून माहिती उचलून न्यायचे आणि दूर बसून तिचा अर्थ लावायचे. आम्हांला ते मोडायचंय. प्रश्न तुमचे, उत्तरं तुमची, अर्थही तुमचाच.” वर प्रत्येकीला छातीवर लावायला बिल्ला दिलास, ‘सहसंशोधक’. आमची लांबी, ती उंच इस्त्रीवाली, तो अजून लावून फिरते. मग मला सांग, संशोधकाला न विचारता त्याचं संशोधन छापतात का गं? आवळा देऊन कोहळा काढलात तुम्ही.

फोन करू नकोस. फोनवर मला काही सुचत नाही, तुला ठाऊक आहे. काय ते लिही.

तुझी मावशी

२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

कागद फलकावर लागला हे वाचून मीही हादरले. तो कच्चा अहवाल होता, आमच्या आमच्यात वाचायचा. हॉस्पिटलच्या हाती कसा गेला ते आमच्या प्रकल्पप्रमुखांना, म्हणजे मोठ्या बाईंना, विचारलं. त्या म्हणाल्या, “परवानगी त्यांनीच दिली होती, काहीतरी द्यावं लागतंच.”

पण एक सांगू का? आकडे खोटे नाहीत. मी दोन दिवस बसून टेप पुन्हा ऐकल्या. तुझीच घे. मुलाखत घेणारी मुलगी स्वच्छ विचारते, “मशीनच्या आवाजाचा त्रास होतो का?” तू म्हणतेस, “नाही नाही, अगदी छान आहे. तू बस ना.” मग ती विचारते, “डोकं दुखतं का? झोप नीट लागते?” त्यावर तू, “दोन. दोघंही शिकून आपापल्या मार्गाला लागली.” इथे तू मुद्दाम विषय बदललास असं आम्ही धरलं. इतर जणींचंही असंच. मध्येच हसतात, दुसरंच काही सांगतात, पण आवाजाच्या प्रश्नाला ‘नाही’.

तुम्हीच ‘नाही’ म्हटल्यावर आम्ही ‘हो’ कसं लिहायचं? तुमच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत, हीच तर आमच्या कामाची पहिली अट. त्रास होता तर तेव्हाच का नाही बोललीस? घरचीच मुलगी होते ना मी?

तुझी,
ठमी

६ मार्च

मावशी,

पत्र मिळालं ना? इतकी रागावलीस का? मी फोन लावला होता. तू उचललास, “हो हो, सगळं बरं आहे” म्हणालीस आणि ठेवलास. मी तर ‘काल पडलीस का’ असं विचारत होते, तुझ्या शेजारच्या ताईकडून कळलं म्हणून. दोन ओळी तरी लिही.

ठमी

२१ मार्च

ठमे,

महिना झाला, कागद काढते आणि परत ठेवते. आज लिहूनच टाकते.

ती मुलगी काय विचारत होती ते मला ऐकूच आलं नाही.

तुम्ही म्हणालात, मुलाखती आमच्या जागेवर, आमच्या वातावरणात घ्यायच्या, म्हणजे आम्ही मोकळ्या होऊ. म्हणून इस्त्रीच्या कोपऱ्यात खुर्च्या मांडल्यात. मागे मशीन चालू. त्या पोरीच्या तोंडाला मास्क. ओठ दिसले असते तरी मी निभावून नेलं असतं. आधी वाटलं, खुर्ची बरी आहे का विचारतेय. मग वाटलं, मुलं किती. तू ‘विषय बदलला’ लिहिलंस. कसला विषय न् कसलं काय.

मी एकटी नाही. दहा-बारा वर्षं झालेल्या बहुतेक सगळ्या अशाच. काम अडत नाही, कारण आम्ही हातांनी बोलतो. चादरींची ढकलगाडी मागून आली की समोरची खांदा झटकते. संसर्गाच्या वॉर्डातलं गाठोडं असलं की नाकाला बोट. सुपरवायझर आला की गळ्याशी दोन बोटं, त्याच्या टायसारखी. आणि साहेब लोकांनी काही विचारलं की चेहरा बघून उत्तर द्यायचं. त्यांना ‘नाही’ आवडतं. त्रास? नाही. अडचण? नाही. तुझे एकतीस ‘नाही’ हे असे आलेत.

आता विचारशील, सांगत का नाही. दोन वर्षांमागे आमच्यातली थोरली मागून येणारी गाडी ऐकू न आल्यामुळे पडली. घोटा मोडला. हॉस्पिटलने मोठ्या मायेने तिचे कान तपासले आणि आठवड्याच्या आत ‘कामास अयोग्य’ म्हणून घरी पाठवली. वीस वर्षं इथल्या चादरी धुतल्या तिने. त्या दिवसापासून आमच्यात कुणी बहिरी नाही.

घरी मुलांनाही माहीत नाही. त्यांना वाटतं, आई आताशा लक्ष देत नाही. आणि हो, पडले होते. गुडघा खरचटला, बाकी काही नाही.

हे तुला मावशी म्हणून सांगितलं. वाच आणि फाडून टाक.

मावशी

५ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसले. वर येऊन कुणाला तोंड दाखवायची सोय नव्हती.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सांगते : अहवालातला तुमच्या उत्तरांचा तक्ता मी केला होता. ‘विषय बदलला’ हे तुझ्या नावापुढे मीच लिहिलं. पाच वर्षं तुझ्या घरी राहून शाळा शिकले, तू हाक मारलीस की पाठीमागून ‘ओ’ दिल्याचं तुला कधी कळायचं नाही, आणि मी म्हणायचे, मावशी तंद्रीत असते. संशोधन करायला निघाले!

पण आता हे दुरुस्त होणार. मी मोठ्या बाईंशी बोलले. नाव कुणाचंही घेतलं नाही, तुझंही नाही. त्या थक्क झाल्या. विशेषतः खुणांबद्दल ऐकून. म्हणाल्या, “बाहेरून लादलेली आपली पद्धत जिथे हरली, तिथे त्यांची स्वतःची भाषा उभी आहे. हेच खरं लोकांचं ज्ञान!” पुढच्या आठवड्यात त्या स्वतः येताहेत, कॅमेरा घेऊन. तुमच्या खुणांचा कोश करायचा, प्रत्येक खूण कुणी काढली त्याच्या नोंदीसकट. मावशी, तुमचं म्हणणं आता जगापुढे जाईल. निदान आता तरी बरं वाटून घे.

तुझी,
ठमी

१४ एप्रिल

आले तुझे कॅमेरावाले.

मोठ्या बाई फार गोड बोलल्या. प्रत्येकीचे हात हातात घेतले. “हे हात म्हणजे ग्रंथ आहेत,” असं काहीतरी म्हणाल्या. त्यांचं सगळं बोलणं आमच्यातल्या नव्या, धाकट्या पोरीने नंतर लिहून दाखवलं. सुपरवायझर मागे हाताची घडी घालून उभा. आणि त्याच्यासमोर बाई लांबीला विचारतात, “सुपरवायझर येताना काय खूण करता, ती दाखवा ना.”

त्याच्यासमोर, ठमे!

लांबी माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, “कसली खूण, बाई? हात भरून येतात, म्हणून हलवतो.” बाई हसल्या आणि कॅमेरावाल्याला म्हणाल्या की हेही घे.

दुसऱ्या दिवसापासून सुपरवायझर समोरून यायचा बंद झाला. मागून येतो आणि आमच्या पाठीशी टाळी वाजवतो. कोण वळतं, कोण नाही, बघतो. काल दोघींना वळायला उशीर झाला. त्यांची नावं त्याने खिशातल्या डायरीत लिहून घेतली. आता आम्ही दिवसभर माना वळवत काम करतो. माझी मान धरलीय. एकीने इस्त्रीच्या रोलरवर बोटं भाजून घेतली, कारण नजर हातांवर नव्हती, दारावर होती.

म्हणे नाव कुणाचं घेतलं नाही! एका खोलीत छत्तीस बायका. नाव घ्यायला कशाला हवं? तुला सांगितलं ते मावशीने भाचीला. तू ते नेऊन संस्थेच्या टेबलावर ठेवलंस. पहिल्यांदा न ऐकता लिहिलंत, ते एक वेळ चुकून झालं. या वेळी तर मी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, ‘फाडून टाक’. तेही तुला वाचता आलं नाही?

सध्या पत्र पाठवू नकोस.

२ मे

मावशी,

पाठवू नकोस म्हणालीस तरी पाठवते आहे. क्षमा मागण्यासाठी नाही. तिला आता काही अर्थ नाही.

मी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, “चित्रीकरण थांबवा. त्यांना हे नको आहे.”

त्या शांतपणे म्हणाल्या, “नको म्हणणं हीसुद्धा फार महत्त्वाची माहिती आहे. लिहून घे.”

“बाई, तिथे माणसांच्या नोकऱ्या जातील.”

“म्हणून तर त्यांची भाषा नोंदवून ठेवायला हवी. उद्या त्याच तिथे नसल्या तर?”

मी उठून बाहेर आले. आल्यावर सुचलं की अमुक बोलायला हवं होतं, तमुक बोलायला हवं होतं. नेहमीचंच.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती तुम्हांला माहीत असायला हवी. तुम्ही सह्या केलेल्या संमतीपत्रात सातवं कलम आहे : सहभागी व्यक्ती कधीही, कारण न देता, आपली संमती मागे घेऊ शकते. मग तिची टेप, तिचं चित्रण, तिचं उत्तर, काहीच वापरता येत नाही. हे तेव्हा तुम्हांला वाचून दाखवलं होतं. म्हणजे... मोठ्याने वाचून दाखवलं होतं.

सोबत संमती मागे घेण्याचे छत्तीस कोरे अर्ज आहेत. भरायचे की चुलीत घालायचे, तुम्ही ठरवा. त्यावर काय करावं असं मी या वेळी काहीच सुचवत नाही.

ठमी

२० मे

ठमे,

अर्ज मिळाले.

परवा दुपारी वीज दुरुस्तीला तास-दीड तास मशीनं बंद होती. घड्या घातलेल्या चादरींच्या खोलीत आम्ही सगळ्या बसलो. थोडं बोलून, थोडं हातांनी, थोडं पाठकोऱ्या कागदावर लिहून. पुष्कळ भांडलो. तुझ्या नावाने शंख झाला, तो मी मुकाट्याने ऐकला, म्हणजे पाहिला.

एक म्हणाली, संमती मागे घेतली तरी तळघराचं काय? ते तर तसंच राहील. धाकटीचे कान शाबूत आहेत. ती म्हणाली, “मी सांगते सगळ्यांच्या वतीने की यांना ऐकू येत नाही.” तिच्यावर सगळ्या तुटून पडल्या. चांगल्या मनाने म्हणाली बिचारी, पण तुझीच धाकटी बहीण शोभली असती.

मग लांबीने कागद ओढून घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आपले कान का मोजू द्यायचे? मशीन मोजा. मशीनला कुणी घरी पाठवणार नाही.’

तो कागद हातोहात फिरला. मग कुणी फारसं भांडलं नाही.

चौतीस जणींनी अर्ज भरले आहेत, या पाकिटात आहेत. दोघींनी भरले नाहीत. एक सुपरवायझरच्या नात्यातली आहे. दुसरीला सहीचीच भीती वाटते. तिला आम्ही भरीला घातलं नाही.

आता तुझं काम. आवाज मोजायचं यंत्र असतं म्हणतात, ते घेऊन ये. कुठे ठेवायचं ते आम्ही सांगू. धरणार आम्ही. आकडे लिहिणार आम्ही. कागद आमच्यापाशी राहणार, त्यावर तुमच्या संस्थेचं नाव नको, तुझंही नको. जमणार असेल तर दुपारच्या पाळीला ये. नसेल तर तसं कळव, दुसरं कुणी शोधू.

मावशी

१८ जुलै

प्रिय मावशी,

तुमच्याकडून परतून महिना झाला. आधी बातम्या सांगते.

चौतीस अर्जांनंतर संस्थेला तो अहवाल मागे घ्यावा लागला. हॉस्पिटलला तसं लेखी कळवलं आहे. चित्रणही पुसलं; मी समोर उभी राहून पुसून घेतलं. मोठ्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या प्रबंधाची दोन वर्षं त्या मुलाखतींवर उभी होती, ती गेली. प्रकल्पातून माझं नाव काढलं आहे. सध्या ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करते.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. बाईंचा आला, स्वतःचा आला, आणि तुमचाही आला. वाटलं, चौतीस जणींत एकीलाही माझं काय होईल असं वाटलं नसेल? मग त्या दुपारी तू ते यंत्र माझ्या हातातून काढून घेतलंस ते आठवलं. मी ते टेबलावर ठेवायला निघाले होते. तू डोकं हलवलंस आणि पिळायच्या मशीनजवळ उभी राहून ते स्वतःच्या कानाशी धरलंस. लांबीने तिच्या कानाशी धरलं, तर आकडा बदलला. तुझं म्हणणं बरोबर होतं, काम टेबल करत नाही. पाच वर्षं पद्धतीवरची पुस्तकं वाचली मी. यातलं काही त्यांत नव्हतं, किंवा असेल तर मला दिसलं नाही.

सात जागा, तिन्ही पाळ्या. त्यांतल्या पाच जागांचा आकडा कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या खूप वर. आणि हे वर, खिडक्या उघड्या असताना.

आता पुढे काय ते मी विचारणार नाही. कळवावंसं वाटलं तर कळव.

ठमी

९ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

कळवते.

आकड्यांचा कागद आम्ही फलकावर लावला. सुपरवायझरने फाडला. दुसरा लावला, तोही फाडला. चार वेळा असं झालं. पाचवी प्रत कामगार अधिकाऱ्याला टपालाने पाठवली. मग दोन महिने काही नाही. त्या दोन महिन्यांत डायरीतल्या दोघींपैकी एकीला रात्रपाळीत टाकलं, दुसरी स्वतःच सोडून गेली. तुला वाटत असेल आम्ही जिंकलो, म्हणून सांगते. ती गेली ती गेलीच.

गेल्या मंगळवारी अधिकारी आला. तळघरात हलवणं थांबवलंय, पुढचा हुकूम येईपर्यंत. पिळायचं मशीन भिंत घालून वेगळं करा आणि कान झाकायला द्या, असं लिहून गेलाय. भिंतीच्या विटा येऊन पडल्यात. गवंडी आलेला नाही. सुपरवायझर आहे तिथेच आहे. मला घड्या घालायच्या टेबलावर बसवलंय, ते मात्र हॉस्पिटलने लिहून दिलंय, घरी पाठवलेलं नाही.

तुझ्या नोकरीचं वाईट वाटलं. चादरींच्या खोलीत तो विषय निघाला होता. मीच म्हटलं, तिचं ती बघेल, शिकलेली आहे. हे तुला कळलेलं बरं.

आता मंगळवारचं सांगते. अधिकारी मशीनजवळ उभा राहून, मान खाली घालून, वहीत बघत प्रश्न विचारत होता. सुपरवायझर त्याच्या कानाशी लागून हसत होता. अधिकारी माझ्यापाशी आला, काहीतरी म्हणाला. मी त्याचा चेहरा पाहिला. ‘नाही’ अगदी जिभेवर आलं होतं. बावीस वर्षांची सवय.

कशी कोण जाणे, मी म्हटलं, “साहेब, मला ऐकू येत नाही. मशीन बंद करा आणि माझ्याकडे बघून बोला.”

किती मोठ्याने बोलले मला कळलं नाही, पण पार दारापर्यंतच्या बायका वळल्या. मशीन बंद झालं. लांबी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग आणखी काही जणी आल्या. आम्ही अकरा झालो. बाकीच्या आपापल्या जागी खाली मान घालून राहिल्या, आणि आम्ही त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांचं त्यांनी ठरवायचं.

अधिकाऱ्याने वही मिटली. माझ्यासमोर नीट उभा राहिला आणि ओठ दिसतील असं सावकाश म्हणाला, “केव्हापासून?”

मी आठवत राहिले. शेवटचं स्वच्छ काय ऐकलं होतं, कुणाचा आवाज होता, माझं धाकटं मूल तेव्हा बोलायला लागलं होतं की नव्हतं. काही केल्या सापडेना. तो बिचारा वाट बघत उभा होता. ठमे, इतक्या जणांनी इतके प्रश्न विचारले, आणि हा एवढा एक मला कुणी कधी विचारला नव्हता. मीसुद्धा.

तुझी मावशी